बर्फातलं लाकूडतोडीचं गाव कसं उभं करायचं: ओंडक्याच्या मागे मागे जा

आमच्या इंदूरात जानेवारीत पारा ६-७ वर आला की सकाळी पोह्याच्या ठेल्यावर सगळे मफलर गुंडाळून उभे असतात आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू या कंदाच्या कढईभोवती गर्दी होते, आमची थंडी एवढीच. आणि मी मात्र गेली तीन वर्षं दर रविवारी संध्याकाळी रामबागेतल्या आमच्या घरी पाच जणांना उणे ४० च्या गावात फिरवतेय. गावाचं नाव गोठवण, धवळी नदीच्या काठावर, राज्याचा नकाशा जिथे संपतो तिथे. डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळतो आम्ही, टेबलाभोवती बसून मी गोष्ट चालवते आणि प्लेअर्स त्यातली पात्रं होतात, पण तुम्ही असाच दुसऱ्या नियमांचा कुठला खेळ खेळत असाल किंवा नुसती गोष्ट लिहीत असाल तरी हे सगळं लागू पडेल.

गोठवण पहिल्यांदा आणलं तेव्हा माझ्याकडे बर्फ होता, लांडगे होते, एक खानावळ होती आणि दाढीवाला सरपंच होता. आमच्या टेबलवर एक मुलगा आहे, त्याच्या आजोबांची लाकडाची वखार होती, इथे तिला टाल म्हणतात. तो अर्ध्या तासात म्हणाला, "ताई, पण हे एवढं लाकूड इथून बाहेर जातं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी सगळं पुसलं आणि तोच प्रश्न धरून गाव नव्याने बांधलं. तेव्हापासून माझी पद्धत एकच, झाड पडतं तिथून सुरू करायचं आणि त्या ओंडक्याच्या मागे मागे तो विकला जाईपर्यंत चालत जायचं. वाटेत जे जे लागतं तेच गाव.

आधी ठरवा, इथे माणसं आलीच कशाला

उणे ४० मधे कोणी हौसेने राहत नाही. राजधानीजवळ जंगल असेल तर एवढ्या लांब कुऱ्हाड घेऊन कोण येईल? म्हणून झाड असं हवं की जे दुसरीकडे मिळतच नाही. खऱ्या जगात याचं मस्त उदाहरण म्हणजे जहाजाच्या डोलकाठ्या. इंग्लंडच्या आरमाराला सरळसोट, उंच, जाड पाइन लागायचे आणि ते तिथे उरले नव्हते, म्हणून १६९१ च्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सनदेत लिहूनच टाकलं की २४ इंच आणि त्याहून जास्त व्यासाची झाडं राजाची. अशा झाडांवर कुऱ्हाडीने बाणाची खूण करायचे. ज्याच्या शेताच्या कडेला झाड उभं त्यालाच ते तोडता येत नाही, मग भांडणं होणारच, १७७२ मधे न्यू हॅम्पशायरमधे त्यावरून चक्क दंगल झाली. म्हणजे एका खुणेत राजा, वसुली अधिकारी, चोरटी तोड, रात्रीची करवत, सगळं आलं.

माझ्या गोठवणमधे ते झाड म्हणजे राळसरल, त्याच्या राळेने माखलेलं जहाज समुद्रातल्या एका विशिष्ट प्राण्याला आवडत नाही. तुम्ही काहीही ठेवा, पण त्या झाडाला गिऱ्हाईक कोण आणि ते गिऱ्हाईक किती अडलेलंय हे दोन ओळींत लिहून काढा, बाकीचं राजकारण त्यातून आपोआप निघतं.

मुख्य झाडाच्या आजूबाजूला खरी झाडं ठेवा. स्प्रूस, पाइन, लार्च, बर्च एवढी चार पुरतात. लार्च दिसायला सूचिपर्णी पण शरद ऋतूत पिवळा होऊन सगळ्या सुया गाळतो, हे आपल्या लोकांना माहीत नसतं आणि टेबलवर सांगितलं की मजा येते कारण सगळ्यांना वाटतं जंगल मेलं. बर्चची साल ओली असली तरी पेट घेते, ती प्रत्येक गावकऱ्याच्या खिशात असणारच.

वर्षाचं चक्र, इथे घाई करू नका

माझ्या मते गाव इथेच बनतं किंवा बिघडतं. आपल्या डोक्यात असतं की हिवाळा म्हणजे सगळं बंद, लोक घरात बसून शेकोटीशी गोष्टी सांगतायत. लाकूडतोडीच्या गावात बरोबर उलटं आहे. हिवाळा हाच सीझन. उन्हाळ्यात तिथली जमीन म्हणजे दलदल आणि डासांचे ढग, ओंडका ओढायला गेलात की घोडा गुडघाभर चिखलात. जमीन दगडासारखी गोठली, नदी-तळी गोठली, की अख्खा मुलुख रस्ता होतो.

आणि रस्ता नुसता गोठून भागत नाही, तो बनवतात. जुन्या अमेरिकन तोडछावण्यांमधे रात्री पाण्याची टाकी स्लेजवर ठेवून माणसं निघायची आणि चाकोरीत पाणी सोडत जायची, सकाळपर्यंत त्याचा काचेसारखा बर्फ होतो आणि मग घोड्यांची एक जोडी अशी रास ओढते की बघणाऱ्याचा विश्वास बसू नये. पण उतारावर तीच रास घोड्यांच्या अंगावर येते, म्हणून उतारावर गवत नाहीतर गरम वाळू पसरायला एक वेगळा माणूस असायचा, पहाटेच्या अंधारात. हा माणूस तुमच्या गावात नक्की ठेवा. गोठवणमधे हे काम एका चौदा वर्षांच्या मुलीकडे आहे आणि एका सकाळी उतारावर गवत नव्हतं, आमचं अख्खं कॅम्पेन, म्हणजे आठवड्यामागून आठवडे चालणारी गोष्ट, तिथून सुरू झालं.

तर चक्र असं बसवा. थंडी पडायला लागली की तोड, मग कडाक्यात ओंडके ओढून नदीकाठी आणायचे आणि थप्प्या लावायच्या. वसंतात बर्फ फुटला की नदी फुगते आणि त्या दोन-तीन आठवड्यांत वर्षाचा सगळा माल पाण्यात ढकलून खाली न्यायचा. हे चुकलं तर पाणी उतरतं आणि वर्षाची कमाई खडकांवर पडून राहते. म्हणजे गावाचा सगळ्यात भीतीचा दिवस कडाक्याच्या थंडीतला नसतो, पहिलं पाणी टपकायला लागतं तो असतो. मी प्लेअर्सना ही तारीख कधी सांगत नाही, पण गावातला प्रत्येक जण तिच्यावर पैज लावून असतो.

ओंडके तरंगवून नेणं आपल्याकडेही झालंय. एकोणिसाव्या शतकात आताच्या उत्तराखंडातल्या हर्षिलला विल्सन नावाच्या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेतला आणि देवदार तोडून भागीरथीत सोडला, खाली रेल्वेच्या स्लीपरसाठी. तो इतका मोठा झाला की स्वतःची नाणी पाडायचा. दुर्गम जागी ठेकेदार हाच राजा कसा होतो हे समजायला हा एकच माणूस पुरेसा आहे.

सगळं लाकूड तरंगत नाही पण. आमच्या वखारवाल्या मुलाने सांगितलं की ओलं सागवान बुडतं, त्याचे आजोबा सांगायचे. मी वाचलं तर खरंच, ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती खोल वेढा कापून झाड उभंच दोन-तीन वर्षं वाळू द्यायचे, तेव्हा कुठे ते नदीत टाकता यायचं. बर्फाळ मुलुखात लार्च आणि बर्च असेच जड, ओले टाकले तर बरेच तळाला जाऊन बसतात. म्हणजे धवळीच्या तळाशी पिढ्यानपिढ्यांचे बुडालेले ओंडके आहेत, थंड पाण्यात फारसे न कुजता. त्यांना कोण काढतं, आणि त्यांच्यासोबत काय वर येतं, हा तुमचा प्रश्न.

आता नकाशा काढा, पण गावापासून नाही

कागदाच्या वरच्या टोकाला तोडछावणी काढा, तिथून बर्फाचा रस्ता, मग नदीकाठचा उतरवणीचा घाट, मग नदी, मग जिथे नदी संथ होते तिथे ओंडक्यांना साखळ्यांनी जोडून केलेला तरंगता अडसर, म्हणजे वाहून आलेला माल अडतो. अडसराशेजारी आरा गिरणी. गिरणीला लागून माणसं राहणार. बस, गाव झालं, आणि ते लांबट झालं, नदीला चिकटून, मधोमध चौक आणि कारंजं असलं काही नाही.

अडसरापाशी खूण तपासणारा कारकून हवा. वेगवेगळ्या ठेकेदारांचा माल एकाच नदीतून येतो, म्हणून प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने शिक्का मारलेला असतो, आपल्याकडेही जंगल खात्याच्या मालावर असा हॅमर मारतात. ओंडक्याचं टोक चार बोटं कापून टाकलं की शिक्का गेला. माझ्या टेबलवरची सगळ्यात रंगलेली तपासणी कुठल्या खुनाची नव्हती, कापलेल्या टोकांच्या ढिगाची होती. चकत्या सापडल्या, कोणाच्या होत्या ते सापडलं, आणि कोणी कापल्या ते कळल्यावर प्लेअर्सनी तक्रार केलीच नाही.

एक धोका लोक विसरतात, आग. बर्फाच्या गावात आग कसली असं वाटतं ना? गिरणीभोवती भुश्याचे डोंगर, फळ्यांच्या थप्प्या, लाकडी घरं, जंगलात तोडीनंतर उरलेला फांद्यांचा कचरा, आणि उन्हाळा कोरडा गेला की झालं. विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो हे असंच गिरणीचं गाव, ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री जळून गेलं, आजूबाजूचा मुलुख धरून १२०० च्या वर माणसं गेली. त्याच रात्री शिकागो जळत होतं म्हणून जगाला पेश्टिगो कळायलाही वेळ लागला. म्हणून नकाशावर वारा कुठून वाहतो तो बाण आधी काढा, मग गिरणी कुठे ते ठरवा.

घर, जमीन आणि मेलेली माणसं

जमीन किती खोल गोठलेली आहे ते ठरवा. सायबेरियात याकुत्स्कला १८२८ मधे शेर्गिन नावाच्या माणसाने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली, कित्येक वर्षं खणून ११६ मीटर खाली गेला तरी जमीन गोठलेलीच. अशा जमिनीवर घर बांधलं आणि आत चूल पेटवली की खालचा बर्फ विरघळतो आणि घर वाकडं होत खचतं, म्हणून तिथे आता इमारती खांबांवर उचललेल्या असतात, खालून थंड वारा वाहता ठेवून. गोठवणमधे जुनी घरं सगळी एका कुशीवर कललेली आहेत आणि नवीन खांबांवर उभी, त्यामुळे नुसतं बघून कळतं की हे घराणं पहिल्या खेपेचं. पहिल्या खेपेच्या लोकांना त्या कललेल्या घरांचा अभिमान आहे.

विहीर नाही म्हणजे पाणी नदीवरचा बर्फ फोडून आणायचं. भोक रोज नव्याने फोडावं लागतं, आणि तिथेच बायका-माणसं भेटतात, गावाच्या सगळ्या बातम्या तिथे. आपल्या पाणवठ्यासारखंच.

आणि हिवाळ्यात माणूस मेला तर खड्डा खणता येत नाही. एकतर त्या जागी दिवस-दिवस जाळ करून जमीन मऊ करायची, नाहीतर शव थंड खोलीत ठेवून वसंताची वाट बघायची. दहन म्हणाल तर चितेला लाकूड लागतं आणि इथे प्रत्येक ओंडक्यावर कोणाचा तरी शिक्का आहे. गोठवणमधे प्रत्येक मेलेल्या माणसाला ठेकेदाराने तीन ओंडके द्यायचे असा रिवाज ठेवलाय, आणि एका वर्षी नव्या ठेकेदाराने दोन दिले. हा सीन मी फार हळू चालवला आणि टेबलवर बराच वेळ कोणी बोललं नाही.

शरीराचे नियम

थंडी नुसती वर्णनात ठेवली तर दुसऱ्या सेशनला विसरली जाते. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत शून्य फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे १८ सेल्सिअसला आणि त्याखाली, दर तासाला १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह आहे, म्हणजे पात्राच्या चिवटपणाची फासा टाकून परीक्षा, हरलात की एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पायरी, सहावीला मरण. पण गरम कपडे घातले की सेव्ह आपोआप पास होतो, म्हणून तो नियम दोन दिवसांत मरतो. मी एवढाच बदल केला की कपडे ओले झाले की ते कपडे नाहीतच असं समजायचं. घामाने सुद्धा. लाकूडतोड्या म्हणूनच हळू, एका लयीत काम करतो आणि अंगातला एक थर आधीच काढून ठेवतो. प्लेअर्सनी पळापळ केली की मी फक्त विचारते, घाम आला का? आता सगळे विचार करून पळतात.

बर्फावरून जाताना खरे आकडे वापरा, सोपे आहेत. स्वच्छ टणक बर्फ १० सेंटीमीटर असला की माणूस चालू शकतो, मोटारीएवढं वजन असेल तर २०-३० हवा, भरलेल्या मोठ्या गाडीला त्याहून जास्त. वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ असतो आणि वर ताजं हिम पडलं असेल तर दिसतच नाही. गावकरी काठीने ठोकत जातात.

जेवण. दिवसभर कुऱ्हाड चालवणाऱ्याला आपल्या दुप्पट-अडीचपट खायला लागतं, चरबी, घेवडा, मांस, पाव, आणि छावणीत स्वयंपाकी खराब असला की माणसं काम सोडून दुसऱ्या छावणीत जातात, हे खऱ्या छावण्यांमधे व्हायचं. म्हणून स्वयंपाकी हा महत्त्वाचा एनपीसी, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या हातातलं पात्र, मुकादमाच्या बरोबरीचा. ताजं काही नाही म्हणून फेब्रुवारीपर्यंत हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात, ही स्कर्व्ही. १५३५-३६ च्या हिवाळ्यात कार्टिये या फ्रेंच दर्यावर्द्याची माणसं कॅनडात अशी मरत होती, २५ गेली, मग तिथल्या स्थानिक लोकांनी एका सदाहरित झाडाची साल आणि पानं उकळून प्यायला शिकवलं आणि बाकीची उठून बसली. म्हणजे औषध दाराबाहेर उभं होतं आणि ते ओळखणारी माणसं दुसरीच होती.

छोट्या गोष्टी पटापट सांगते. कडाक्यात पोलाद ठिसूळ होतं, सकाळी कुऱ्हाडीचं पातं शेकल्याशिवाय घाव घातला तर धारेचा तुकडा उडतो. झाडं रात्री बंदुकीसारखा आवाज करत तडकतात. उघड्या हाताने लोखंड धरलं तर कातडी चिकटते. उन्हात बर्फाच्या चकाकीने काही काळ दिसेनासं होतं, म्हणून बारीक फट असलेले लाकडी चष्मे. आणि उजेड, ६० अंश अक्षांशावर सगळ्यात छोटा दिवस जेमतेम सहा तासांचा, आपल्याकडे इंदूरला डिसेंबरातही साडेदहाच्या वर असतो. टेबलवर मी एक मेणबत्ती ठेवते आणि ती विझली की दिवस संपला.

माणसं आणि वही

आता लोक भरा आणि यासाठी कुठे लांब जायची गरज नाही. आपल्याला मुकादम माहीत आहे, टोळी माहीत आहे, उचल माहीत आहे. ऊसतोडीच्या टोळ्या सीझनच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग ती अंगाने फेडतात, तेच गोठवणमधे. शरदात आलेला माणूस कुऱ्हाड, बूट, फर, सगळं ठेकेदाराच्या दुकानातून उधारीवर घेतो आणि वसंतात माल खाली गेला की हिशोब. नदी अडली तर हिशोब पुढच्या वर्षावर. म्हणून गावातली सगळ्यात ताकदवान वस्तू कुठली तलवार ठेवू नका, ती खातेवही ठेवा. ती कोण लिहितं, कोणाला वाचता येते, जळाली तर काय होईल.

गावात चार पिढ्या असतील तर आठवणी पण चार पिढ्यांच्या. आमच्याकडे मालवा मिल चौक आहे, रोज लोक रिक्षावाल्याला ते नाव सांगतात, आतली मिल कधीची गेली. गोठवणमधेही अशी दोन नावं ठेवा, तोडून संपलेल्या जंगलाच्या नावाची पेठ वगैरे. जंगल दरवर्षी लांब सरकतं, छावणी लांब जाते, रस्ता लांबतो, आणि एक दिवस गाव चुकीच्या जागी उरतं. म्हाताऱ्यांना हे दिसतंय, ठेकेदाराला ते बोलून दाखवायचं नाहीये.

आधीपासून राहणारे लोक त्या जंगलात आहेतच, त्यांना राक्षस किंवा गूढ ऋषी करू नका. त्यांना भाव कळतो, करार कळतो, आपापसात मतभेद असतात, कोणी गावात सून म्हणून आलेली असते. गोठवणमधे त्यांच्याशी झालेल्या करारात कुठल्या झाडांना हात लावायचा नाही ते लिहिलंय आणि ती झाडं बरोबर बर्फाच्या रस्त्याच्या सगळ्यात सोप्या वाटेवर उभी आहेत.

जादूचं काय

जादू थोडी ठेवा असं मी म्हणणार नाही, पण प्रत्येक मंत्र ओंडक्याच्या वाटेवर ठेवून बघा. कोणी पण फुकटात आग पेटवू शकत असेल तर सरपणाची टंचाई गेली. कोणी वजन हलकं करू शकत असेल तर रस्ता, घोडे, गवत पसरणारी मुलगी सगळं गेलं. मी नियम केला की इथे उष्णता निर्माण होत नाही, ती फक्त एका जागेहून दुसरीकडे नेता येते. मांत्रिकाने चूल पेटवली की कुठेतरी तेवढी थंडी पडते, बहुतेक शेजाऱ्याच्या घरात. त्यामुळे गावात जादू बेकायदा नाही पण विचारून करतात, दारावर तीन टकटक करून.

पहिला सेशन

सगळं लिहिलेलं वाचून दाखवू नका. फक्त पाच गोष्टी तयार ठेवा: आज हिवाळ्याचा कितवा आठवडा, नदीवर बर्फ किती जाड, थप्पीत किती ओंडके, प्रत्येक प्लेअरची दुकानात किती उधारी, आणि कोणाचं शव थंड खोलीत आहे. शेवटची गोष्ट लिहिताना नाव द्या, वय द्या, कुठलं काम करायचा ते द्या. प्लेअर्सना गावात पाहुणे म्हणून आणू नका, कामावर आणा. मी सुरुवात अशी करते: अंधार आहे, पहाट व्हायला अजून दोन तास आहेत, मुकादम छावणीच्या दारावर पळीने ठोकतोय, तुमचे मोजे चुलीवर वाळतायत आणि त्यातला एक जोड कमी आहे. कोणाचा?